खिशातला कॅमेरा, भिंतीवरचा कोट

दादा, तुझा फोटो फ्रेमला टाकून आले. कुठला टाकला ते सांगते, पण आधी सगळं ऐकून घे आणि मध्ये बोलू नकोस. जन्मभर माझं वाक्य तू अर्ध्यात तोडत आलास. आज पहिल्यांदा मला पुरतं बोलायला मिळतंय आणि त्याचा काडीइतका आनंद होत नाहीये.

तुझं तेरावं अजून व्हायचंय. माणसं येतायत, चपलांचा ढीग पार लिफ्टपर्यंत जातोय. आलेला प्रत्येक जण आधी कोपऱ्यातल्या दिव्याकडे बघतो, मग त्यामागच्या रिकाम्या भिंतीकडे बघतो आणि वहिनीला विचारतो, "फोटो नाही लावला?" वहिनी पदर सारखा करत बसते. मग तुझी लेक मुग्धा म्हणते, "टाकायचाय करायला." परळच्या हॉस्पिटलात तू उभा जन्म एक्स-रे काढण्यात घालवलास. अर्ध्या मुंबईच्या छात्या तुझ्यासमोर श्वास रोखून उभ्या राहिल्या, आणि तुझ्याच घरात तुझा एक धड फोटो नाही.

आहेत ते सगळे त्या खेळण्यात. मी त्याला खेळणंच म्हणणार. मुग्धाने हौसेने घेतलेला तो कॅमेरा, पत्त्यांच्या कॅटपेक्षा लहान. हल्लीच्या पोरींना जुन्या वळणाचे असले छोटे कॅमेरे गळ्यात अडकवून फिरायची भारी हौस. तिची हौस फिटली, कॅमेरा टीव्हीखालच्या खणात पडला, आणि निवृत्त होऊन घरात बसलेल्या तुला काम मिळालं. "रोजच्या वापराला चालतो का बघतो," म्हणालास. मी म्हटलं, "बघायचंय काय त्यात? फोन आहे ना प्रत्येकाच्या हातात." झालं. तिथून आपलं जे जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

मी दर रविवारी गिरगावातून बस पकडून तुझ्याकडे यायची. आल्या आल्या पाण्याचा ग्लास हातात यायच्या आधी तुझा अहवाल सुरू. सदऱ्याच्या खिशात ठेवून वाकलं की पडतो. लेंग्याच्या खिशात ठेवला तर बसताना टोचतो. बटणं इतकी बारीक की तुझा अंगठा एकदम दोन दाबतो. उन्हात मागच्या काचेवर काही म्हणजे काही दिसत नाही. बॅटरी लगेच मान टाकते. ट्यूबलाइटखाली सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. मी म्हणायची, "मग फेकून दे की." तर म्हणायचास, "मंगे, दोष सांगितले म्हणजे नापास केलं असं नाय. तू मास्तरीण ना? तुला एवढं कळू नये?"

तुझ्या परीक्षाही तुझ्यासारख्याच. कंपनी डब्यावर काय लिहिते त्याला तू विचारत नव्हतास. एका हातात भाजीची पिशवी असताना दुसऱ्या हाताने काढता येतो का. हात ओले असताना धरता येतो का. जिन्यावरच्या अर्धवट उजेडात माणूस ओळखू येतो का. मसाले करायच्या दिवसांत तू त्याला लालबागच्या मिरची गल्लीत घेऊन गेलास, धुरळ्यात चालतो का ते बघायला. कॅमेऱ्याला काही झालं नाही. तुलाच शिंका लागल्या आणि गल्लीतले सगळे फोटो हललेले आले. ते फोटो तू मला एकेक करून दाखवलेस. प्रत्येकात बायका नाकाला पदर लावून हसताहेत, कारण फोटो काढणारा म्हातारा शिंकतोय. मी तेव्हा म्हटलं, एकही धड नाही. आता परत बघितले. त्या बायका माझ्याकडे बघून हसताहेत असं वाटलं आणि मला रडू कोसळलं.

आपलं भांडण खरं म्हणजे एकाच वाक्यावर अडलेलं होतं. तू म्हणायचास, "फोन काढला की माणूस तयार होतो. पोट आत घेतो, केस नीट करतो. ह्याला एवढासा बघून कोण तयार होत नाय." मी म्हणायची, मग तयार झालेलं काय वाईट? लग्नाला जाताना आपण तयार होतोच ना? आणि फोनवरून फोटो निघतो त्याच मिनिटाला सगळ्या गोतावळ्याला पोचतो, तुझ्या डबीतले फोटो बाहेर काढायला तर मुग्धाच्या पाया पडावं लागतं. त्यावर तू म्हणायचास, "पोचायची घाई कसली? मी काय बातमी देतोय?" मग चहा यायचा. तो पिऊन झाला की पुन्हा पहिल्यापासून.

तुला ते एवढं का लागलं होतं, हे न कळायला मी काही परकी नव्हते. बाबांचा कोट. तू लगेच त्याचं नाव काढायचा नाहीस, पण कॅमेऱ्याबद्दल बोलताना तुझी नजर दर वेळी भिंतीवर जायची.

आपले बाबा गिरणीत होते. अंगात सदरा, खाली लेंगा आणि घरी येताना केसांत कापसाचे तंतू. कोट त्यांनी जन्मात घातला नाही. ते गेले तेव्हा त्यांचा फोटो म्हणजे गिरणीच्या पासावरचा टिकलीएवढा चेहरा, तेवढाच. तेव्हाच्या फोटोवाल्यांची रीतच होती ती. पासावरचं तोंड मोठं करायचं आणि आपल्याकडच्या तयार कोट-टायवर बसवायचं. अर्धं गिरणगाव मेल्यावर साहेब झालं. आपल्या शेजारच्या खोलीतल्या भिंतीवरच्या काकांच्या अंगात पण तोच कोट, तोच तिरपा टाय. तू दुकानातून फ्रेम आणलीस, कागद फाडलास आणि म्हणालास, "हा कोण साहेब?" आई चुलीपाशी होती. ती हात पुसत आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ऱ्हवां दे. चांगले दिसतत."

तुझा राग तेव्हापासूनचा. चाळ पाडली, टॉवरमध्ये नवी जागा मिळाली, तरी बाबा कोटातच राहिले, कारण दुसरा फोटोच नव्हता. माझ्या डोक्यातही बाबांचा चेहरा आता त्या कोटावरचाच उरलाय. आठवायला गेले की आधी टाय दिसतो. तू म्हणायचास, आपल्या घरातलं माणूस जसं होतं तसं भिंतीवर असावं, त्याला कुठल्या साहेबाचं अंग चिकटवायचं कारण नाय. रोजचा कॅमेरा घरात असता तर बाबांचा एखादा फोटो असता, दाढी करतानाचा, भाकरी मोडतानाचा. हे ऐकलं की मग मी फोनची बाजू आणखी जोरात मांडायची.

मग तुझा खोकला आला. तू तुझ्याच छातीच्या एक्स-रेची फिल्म खिडकीपाशी उजेडात धरून बघितलीस. मी समोर होते. दुसऱ्यांच्या फिल्मा बघताना तू जीभ गालात घोळवायचास, तशी त्या दिवशी घोळवली नाहीस. मी विचारलं, "काय आहे?" तू फिल्म परत पाकिटात घातलीस आणि म्हणालास, "जेवून घे आधी. वहिनीने बोंबलाचं सुकं केलंय." मी जेवले. आजवर कुठल्या जेवणाचा एवढा राग आला नाही मला. डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते तुला कळून चुकलं होतं, आणि तू मला घास गिळेपर्यंतची सवलत दिलीस. दादा, थँक्यू म्हणायचं राहून गेलं. तुझ्याशी भांडायची इतकी सवय की असलं काही बोलायला तोंडच वळायचं नाही.

त्यानंतरही कॅमेऱ्याची परीक्षा तू चालूच ठेवलीस. उलट जास्तच. औषधांनी हात थरथरायला लागले तर म्हणालास, बरं झालं, म्हाताऱ्याच्या हातात चालतो का हे पण बघून होईल. दूधवाला, वॉचमन, वरच्या मजल्यावरची ती रोज लिफ्टमध्ये भेटणारी मुलगी, सगळ्यांचे फोटो काढलेस. कोणी तयार झालेलं नाही. वॉचमन जांभई देतोय. मी पण आहे, दारात वाकून चपलेचा पट्टा लावणारी. पाठमोरी. कधी काढलास मला कळलंच नाही. एवढ्या वर्षांत माझ्या पाठीचा फोटो कोणी काढला नव्हता, आणि ती इतकी आईसारखी दिसते हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि एका रविवारी, वहिनी खाली भाजीला गेली होती तेव्हा, तू मला म्हणालास, "मंगे, लक्ष ठेव. मला कोटात बसवू नका. बसवलात तर भिंतीवरून उतरून येईन." मी म्हटलं, "गप बस, असलं काहीतरी बोलू नकोस." तू म्हणालास, "बोललो ते लक्षात ठेव." मी मान हलवली. म्हणजे शब्द दिलाच मी.

आता आज काय झालं ते ऐक. मुग्धाने सकाळी फोनमधला एक फोटो काढून दाखवला. तिच्या साखरपुड्यातला. तिने हट्टाने शिवून घेतलेला तो नेव्ही ब्लू कोट तुझ्या अंगात. हसतोस छान. पण फोनने तुझा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट करून टाकलाय. कपाळावरची लहानपणची खोक गेली, गालावरचा मस गेला. कोट तुझाच, अंगही तुझंच, आणि तरी मला तुझाच शब्द आठवला. हा कोण साहेब. मी मुग्धाला म्हटलं, "हा नाही. त्याने मला सांगून ठेवलंय, कोटातला नको." ती म्हणाली, "आत्या, मग दुसरा दाखव ना. बाबांनी सगळ्यांचे काढले, स्वतःचा कुठाय?"

मी कॅमेरा मागितला आणि पलंगाच्या कडेवर बसून एकेक बघत गेले. डोळे दुखले. काच ती केवढीशी. आणि तुझे ते दूधवाले, वॉचमन, शिंकांचे फोटो सगळे ओलांडल्यावर एकदम तू समोर आलास.

स्वयंपाकघरात आहेस. गंजीफ्रॉक, दाढी वाढलेली, चष्मा कपाळावर. गळ्याची हाडं वर आलेली, म्हणजे फिल्म बघितल्यानंतरचा आहे. एक हात अर्धा उचललेला, तोंड थोडं उघडं, काहीतरी सांगतोयस. आणि थेट कॅमेऱ्याकडे बघतोयस, वैतागून, आणि त्या वैतागाच्या आत इतकी माया की मी पटकन काच उलटी करून मांडीवर ठेवली. खोक आहे, मस आहे. सगळाच्या सगळा तू. मला वाटलं, जिंकलास, दादा. तुझा कॅमेरा पास. मी शब्द पाळणार, हाच फोटो भिंतीवर लागणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा भाऊ होता तसा दिसणार.

मुग्धाने बघितला आणि तोंड फिरवलं. "किती बारीक झालेत बाबा," म्हणाली. मग वहिनीने घेतला. तिने हात लांब करून, मान मागे करून बघितला, आणि कॅमेरा बंद केला.

"हा नको," म्हणाली.

मी माझ्या मास्तरणीच्या आवाजात सुरू झाले. दादाने मला स्वतः सांगितलंय. त्याची इच्छा आहे. बाबांच्या कोटाचं तुला माहितेय. आजारातला दिसतो म्हणून लपवायचं कशाला, ते दिवस पण त्याचेच ना. वहिनी ऐकत राहिली. तुला माहितेय ती कशी ऐकते, समोरचा दमेपर्यंत. मी दमले तेव्हा तिने मुग्धाला चहा टाकायला आत पाठवलं.

"वन्सं, आजारातला आहे म्हणून नाय म्हणत मी," ती म्हणाली. "त्या दिवसांतच मी त्यांना सगळ्यात जास्त बघितलं."

"मग?"

"हा फोटो मी काढलाय."

मला हे सुचलंच नव्हतं. मला वाटलं होतं, तू कॅमेरा कुठेतरी टेकवून ठेवून स्वतःच काढला असशील. वहिनी सांगायला लागली. तू तिच्या हातात कॅमेरा दिलास आणि म्हणालास, घरातल्या कोणालाही जमला तरच रोजचा, नाहीतर काय उपयोग. तिने उलटा धरला. तू म्हणालास, अगं, उलटा. तिने सरळ धरला तर बोट काचेवर. तू म्हणालास, अगं, बोट काढ. ती हसायला लागली, तू वैतागलास, आणि तिने दाबलं.

"हे असं ते माझ्याकडे बघायचे," वहिनी म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडे नाय. भिंतीवर लावला तर आल्यागेल्याकडे बघत बसतील. उद्या सोसायटीचे लोक येतील, मुग्धाच्या सासरचे येतील, त्यांच्याकडे असं बघतील? माझं तेवढंच आहे हो. ते कशाला भिंतीवर टांगायचं?"

चहा आला. मी कप हातात घेऊन बसले. समोर बाबा, कोटातले. इतकी वर्षं तू आणि मी समजत होतो की आईला त्या फोटोवाल्याने फसवलं, तिला काही कळलं नाही. दादा, तिला कळलं होतं रे. तिने कोटवाले बाबा चाळीला देऊन टाकले, आल्यागेल्याने हात जोडायला. केसांत कापूस अडकलेले बाबा तिने कोणाला दाखवले नाहीत. तुलाही नाहीत आणि मलाही नाहीत. तू विचारलंस तेव्हा ती ऱ्हवां दे एवढंच म्हणाली, आणि आपण तिला भोळी ठरवून मोकळे झालो.

म्हणून मी शब्द मोडला. कोटातला फोटो घेऊन मी स्वतः लालबागला गेले. फ्रेमवाल्याने सवयीने विचारलं, "मॅडम, कोट ठेवू की साधा शर्ट करून देऊ? होतं हल्ली." मी म्हटलं, कोट ठेवा. चेहऱ्यावरची खोक परत आणता येते का, असंही विचारणार होते, पण तो हसला असता. तू बाबांच्या शेजारी बसणार आहेस, दोघेही साहेब. भिंतीवरून उतरून यायचं असेल तर ये. मी तर म्हणते, येच.

मी तुझ्या घरून निघाले तेव्हा वहिनीने कॅमेरा रुमालात गुंडाळला आणि कपाटात आपल्या साड्यांमध्ये ठेवला. मला मागायचा होता. एकदा परत बघते म्हणायचं होतं, मुग्धाला सांगून माझ्या फोनवर पाठव म्हणायचं होतं, फोनची बाजू मी एवढी लढवलेली. नाही मागितला. वहिनीने आल्यागेल्यांची नावं घेतली त्यात माझं नाव नव्हतं, पण मी त्यांच्यातलीच आहे हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. तो फोटो तिच्याकडे बघणाऱ्या तुझा आहे.

माझ्याकडे तू वेगळा बघायचास. माझं वाक्य तोडायच्या आधी एक भुवई वर जायची, आणि मी काय मूर्खपणा बोलणार हे ऐकायला तू चक्क आनंदाने थांबायचास. बस गिरगावात शिरेपर्यंत मी फोनमधले सगळे फोटो उलटेसुलटे करून बघितले. लग्नं आहेत, बारशी आहेत, सगळीकडे तू तयार होऊन उभा. तो चेहरा कुठेच नाही, दादा. तो फक्त मी बघितलाय, आणि तो मला कसा दिसायचा ते आता कोणाला सांगायचं म्हटलं तरी पटवून द्यायला तू नाहीस.